पडद्याआडून सांगितलेलं माप

“कंबर चौतीस,” प्रभा पडद्याआडून म्हणाली आणि तिच्या हातातल्या बांगड्या दोनदा वाजल्या. मी वहीत अडतीस लिहिलं.

आत गायकवाडांची थोरली सून उभी होती. मागच्या लग्नसराईपेक्षा मी वाढले तर नाही ना, असं ती विचारत होती. “कुठं वाढलाय? होता तेवढ्याच आहात,” प्रभा म्हणाली. बाहेर बाकावर त्या सुनेची सासू बसली होती. तिने संशयाने माझ्याकडे बघितलं. मी वही मिटली.

तासगावात आमचं दुकान होतं. बोंगाळे लेडीज टेलर्स. दहा बाय बाराची खोली आणि मधोमध एक पडदा. बायकांची मापं प्रभा घ्यायची. ती आतून आकडा सांगायची, मी बाहेर वहीत लिहायचो आणि त्यावरून कापड बेतायचो. बाहेरच्या बाकावर कुणी ना कुणी असायचंच. सासू, नणंद, कधी नवरा. सगळ्यांच्या कानावर आपल्या कंबरेचा आकडा जावा असं कुठल्या बाईला वाटेल? म्हणून लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी प्रभाने ही युक्ती काढली. बाई अंगाने भरलेली असली की आकडा कमी सांगायचा आणि हात झटकायचा. बांगड्या एकदा वाजल्या की मी दोन इंच वाढवायचे, दोनदा वाजल्या की चार. बांगड्या वाजल्या नाहीत तर आकडा खरा.

एकतीस वर्षं हे चाललं, कुणाला कळलं नाही. ब्लाउज अंगाला बरोबर बसायचे आणि बायका खूश होऊन जायच्या. बोंगाळे काकूंचं माप चुकत नाही, असं गावात म्हणायचे. मलाही त्याचा अभिमान होता.

त्या दिवशी गायकवाडांच्या बायका गेल्या आणि प्रभा पडदा सारून बाहेर आली ती सरळ बाकावर बसली. एरवी ती दिवसा बाकावर बसत नसे, तो गिऱ्हाइकांचा, असं म्हणायची.

“दाढ ठणकतेय,” ती म्हणाली.

दाढेचं ती आदल्या दिवसापासून सांगत होती. मी म्हटलं होतं, एवढी ऑर्डर गेली की दाताच्या डॉक्टरकडे जाऊ. वैशाख होता. दोन लग्नांचे मिळून तेवीस ब्लाउज राहिले होते आणि चार दिवस आम्हा दोघांनाही धड झोप नव्हती. माझी पाठ धरली होती. तिने सकाळी ओव्याचं पाणी घेतलं होतं, कारण छातीत जळजळही होती. मी मशीनवर बसलो. थोड्या वेळाने टेप जमिनीवर पडल्याचा आवाज आला. वळून बघितलं तर प्रभा डावा खांदा धरून बसली होती आणि तिचा चेहरा मेणासारखा झाला होता.

गावातल्या डॉक्टरांनी तिची नाडी बघितली, रक्तदाब बघितला आणि म्हणाले, ही दाढ नाही, इथं वेळ घालवू नका, सांगलीला मोठ्या दवाखान्यात न्या. समोरच्या भांड्यांच्या दुकानातल्या दोशींनी आपली गाडी काढली आणि आम्हाला दवाखान्याच्या दारात सोडलं. त्यांच्या दुकानात कुणी नव्हतं म्हणून मीच त्यांना परत पाठवलं.

कॅज्युअल्टीच्या दाराशी टेबलावर एक सिस्टर बसल्या होत्या. तिशीच्या असतील. बिल्ल्यावर नाव होतं तस्लीम मुल्ला. त्यांनी आधी प्रभाला खुर्चीवर बसवलं, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “काका, गळ्यात काय अडकवलंय? मला वाटलं नवीन डॉक्टर आले.”

माझ्या गळ्यात टेप तशीच होती. प्रभा त्या दुखण्यातही हसली. “यांची तपासणी कंबरेपासून सुरू होते,” ती म्हणाली.

सिस्टरांनी भराभर विचारलं. कधीपासून दुखतंय, कुठं कुठं जातंय, आधी असं कधी झालं होतं का, कुठल्या गोळ्या चालू आहेत. प्रत्येक वेळी उत्तर मीच दिलं. साखरेची गोळी चालू आहे असं मी सांगितलं. गोळीचं नाव विचारलं तेव्हा मला ते येईना. सिस्टर म्हणाल्या, दवाखान्यात येताना गोळ्यांची पाकिटं आणायची, निदान नाव कागदावर लिहून खिशात ठेवायचं. आणि काका, आता त्यांना बोलू द्या.

मग त्यांनी प्रभाला समजावलं. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही. दहा म्हणजे आजवर सोसलेलं सगळ्यात वाईट. तुमचं आत्ता किती?

प्रभाने जरा विचार केला. “चार,” ती म्हणाली. तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

आत नेऊन तिला पलंगावर झोपवलं. ईसीजी काढायचा होता. मनगटाला चिमटे लावावे लागतात म्हणून सिस्टर म्हणाल्या, बांगड्या काढा. प्रभाने हात आखडून घेतले. तिच्या दोन्ही हातांत सहा सहा काचेच्या हिरव्या बांगड्या होत्या. लग्नानंतर तिचे हात मोकळे असे कधी नव्हतेच. नव्या बांगड्या भरतानासुद्धा ती जुनी एक शेवटपर्यंत ठेवायची.

“एकेक राहू दे की,” ती म्हणाली.

“मावशी, तपासणी नीट व्हायला पाहिजे ना. परत घालूया.”

प्रभाने माझ्याकडे बघितलं. माझ्या खिशात बॉबिन होती. गायकवाडांच्या ब्लाउजसाठी भरलेली, हिरव्या दोऱ्याची. मी दोरा दातांनी तोडला आणि तिच्या दोन्ही मनगटांना एकेक फेरा बांधला. सिस्टरांनी साबणाचं पाणी लावून बांगड्या एकेक करून उतरवल्या. एकही फुटली नाही. बारा बांगड्या मी रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवल्या.

“आता झालं?” सिस्टरांनी विचारलं.

“झालं,” प्रभा म्हणाली. “टेलरची बायको, दोऱ्यावर भागतं माझं.”

डॉक्टर आले, तरुण होते. त्यांनी ईसीजीची पट्टी दोनदा बघितली. म्हणाले, यात आत्ता स्पष्ट काही दिसत नाही, पण यावर विसंबून चालत नाही. सुरुवातीला पट्टी चांगली येते आणि नंतर बदलते, बायकांत आणि साखर असलेल्यांत तर दुखणंही छातीत न होता जबड्यात, खांद्यात होतं. रक्त तपासणीला गेलं. एक गोळी तिला चावून खायला दिली, एक जिभेखाली ठेवायला दिली. अर्ध्या-पाऊण तासाने दुसरी पट्टी काढू, तोवर झोपून राहायचं, उठायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही.

ती बायकांची बाजू होती, म्हणून मला पडद्याबाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. पडदाही हिरवा होता आणि जमिनीपासून हात-दीड हात वर संपत होता. दुकानातल्यासारखाच मी बाहेर आणि ती आत.

समोरच्या भिंतीवर सूचनांची पाटी होती. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून मी ती वाचली. इथे आधी आलेल्याला आधी असा नियम नाही, ज्याच्या जिवाला जास्त धोका त्याला आधी, असं वरच लिहिलं होतं. मला ते पटलं. लग्नाचा ब्लाउज आम्हीसुद्धा आधी घेतो. खाली लिहिलं होतं, दुखणं लपवू नका, कमी करून सांगू नका. त्रास वाढला तर तुमची पाळी येण्याची वाट न बघता लगेच सांगा.

दोन वाजून गेल्यावर सिस्टर आत डोकावल्या. प्रभाने तीन सांगितलं. गोळीने उतरतंय असं दिसतंय, सिस्टर म्हणाल्या. बाहेर येऊन त्यांनी मला बजावलं. आकडा पाचच्या वर गेला, किंवा घाम फुटला, मळमळलं, श्वास लागला, तर मी कुणाशीही बोलत असले तरी मला मधेच थांबवायचं. संकोच करायचा नाही. मी बरं म्हटलं.

अडीचच्या सुमाराला वऱ्हाडाची जीप उलटल्याची बातमी आली आणि पाठोपाठ माणसं आली. एकाच वेळी नऊ जण. झोळीत, हातांवर, चादरीत घालून आणलेले. रिकामा पलंग उरला नाही. प्रभाच्या शेजारच्या पलंगावर एका मुलीला आणलं. अठरा-एकोणीस वर्षांची असेल. तिचा पाय मोडला होता आणि ती आईला हाका मारत होती. आई दुसऱ्या खोलीत होती. जिथं उभं राहायला जागा नव्हती तिथं सिस्टर आणि डॉक्टर पळत होते.

मी पडद्याजवळ जाऊन विचारलं, “बरं आहे ना?”

“हं. तुम्ही बसा,” प्रभा आतून म्हणाली. मग त्या मुलीला म्हणाली, “बाळ, रडू नको. सिस्टर येतात हं. माझा हात धर.”

मी बसलो. खरं सांगायचं तर मी कंटाळलो होतो. पाठ दुखत होती, डोळे मिटत होते आणि डोक्यात तेवीस ब्लाउज होते. आकडा चाराचा तीन झाला होता. दोन होईल, एक होईल, पाच-सहापर्यंत आपण तासगावला पोचू, असा हिशेब मी करत होतो. एस.टी. किती वाजता आहे ते मला पाठ होतं. समोर सूचनांच्या पाटीच्या वर घड्याळ होतं, त्याच्याकडे मी सारखा बघत होतो.

तीन वाजता तस्लीम सिस्टर आल्या. त्यांच्या अॅप्रनला रक्त लागलं होतं. एका हातात त्या मुलीच्या पायाला बांधायचं बँडेज होतं. त्या आत गेल्या आणि आतूनच त्यांनी प्रभाला विचारलं, “मावशी, आता किती?”

मुलगी जोरात कण्हली.

“दोन,” ती म्हणाली.

पडद्याच्या खाली तिचा उजवा हात दिसत होता. पलंगाच्या कडेवरून खाली आलेला, मनगटाला हिरवा दोरा. तो हात हलला. मला वाटलं, ती मला बसा म्हणतेय, नाहीतर माशी हाकलतेय. मी घड्याळाकडे बघितलं. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

सिस्टर पडद्याबाहेर आल्या आणि माझ्यासमोर थांबल्या. त्यांना घाई होती, तरी थांबल्या.

“काका, दुसरी पट्टी काढायची वेळ झालीय. यंत्र एकच आहे आणि ते आत्ता पलीकडे लागलंय. दुखणं वाढलं असेल तर मी ते आत्ता ओढून आणते. दोन असेल तर दहा-पंधरा मिनिटं थांबू.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “बायका कमी सांगतात. शेजारी ती पोरगी ओरडतेय, अशा वेळी तर हमखास कमी सांगतात. तुम्ही ओळखता त्यांना. तुम्हाला काय वाटतं, दोनच असेल?”

मी कान देऊन ऐकलं होतं. आकड्यानंतर काही वाजलं नव्हतं. इतक्या वर्षांची सवय, दुसरं काही मनातसुद्धा आलं नाही.

“दोन म्हणाली ना, मग दोनच,” मी म्हणालो. “तिचं माप चुकत नाही, सिस्टर.”

सिस्टरांनी कागदावर दोन लिहिलं आणि त्या मुलीकडे वळल्या.

पुढे वीस मिनिटं मी तिथंच बसून होतो. झोपलो नव्हतो, पण जागा होतो असंही म्हणवत नाही. मग ती मुलगी ओरडू लागली. आता पायासाठी नाही. “मावशी हात सोडतायत, मावशी बोलत नाहीत,” असं ओरडत होती.

डॉक्टर धावत आले. सिस्टर धावत आल्या. मला बाहेर काढलं. चाळीस मिनिटं त्यांनी छाती दाबली, विजेचे झटके दिले, जे जे करतात ते सगळं केलं. मग ते तरुण डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी मला खुर्चीवर बसवून सांगितलं.

मी विचारलं, दहा मिनिटं आधी कळलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, नक्की सांगता येत नाही. कदाचित. मग त्यांनीच विचारलं, दुखणं वाढल्याचं त्या काही बोलल्या होत्या का? मी नाही म्हटलं. सिस्टर मागे उभ्या होत्या. त्यांच्या हातात तो कागद होता. चार, तीन, दोन.

सवाष्ण गेली म्हणून शेजारणींनी प्रभाच्या हातांत नवा हिरवा चुडा भरला. दोरे कुणीतरी कात्रीने कापून टाकले. आमची मुलगी वैजयंती पुण्याहून आली. गायकवाडांचे ब्लाउज दुसऱ्या टेलरकडे गेले. माझ्या खिशातला रुमाल माझ्या लक्षातच राहिला नाही. दवाखान्यातून आल्यावर तो शर्ट मी काढून खुंटीला अडकवला, तो तिथंच होता.

चौदाव्या दिवशी मी दुकान उघडलं. उघडलं म्हणजे नुसता जाऊन बसलो, समोर वही घेऊन. घर दुकानाच्या मागेच. मधे फक्त तोच पडदा. पलीकडे वैजू धुणं गोळा करत होती. तिने खुंटीवरचा शर्ट ओढला असेल.

पडद्याआडून बांगड्या वाजल्या.

माझा हात आपोआप पेन्सिलीकडे गेला. मी वही उघडली होती, पेन्सिल कागदावर टेकली होती, आणि आधी कुठला आकडा सांगितला ते आठवत होतो. तेव्हा मला तो हात दिसला. पलंगावरून खाली आलेला, मनगटाला मीच बांधलेला दोरा.

ती बसा म्हणत नव्हती. माशीही नव्हती. शेजारची पोर घाबरली होती, सिस्टर तिच्याजवळ होत्या, त्यांना तिथून उठवायला नको म्हणून प्रभाने कमी आकडा सांगितला. जन्मभर दुसऱ्या बाईसाठी सांगत आली तसाच. खरा आकडा ती मला कळवत होती. मी वाढवून घेईन याची तिला खात्री होती. हातात बांगड्या नाहीत हे ती विसरली. बांगड्या माझ्या खिशात होत्या, आणि मीही विसरलो.

वैजू पडदा सारून बाहेर आली. तिच्या हातात रुमाल होता. “बाबा, आईच्या बांगड्या,” ती म्हणाली. मी काय लिहितोय ते तिने विचारलं. मी वही मिटली.

तिला मी सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही. पण महिनाभराने मी सांगलीला गेलो. तस्लीम सिस्टर त्याच टेबलावर होत्या आणि मला त्यांनी लगेच ओळखलं. दुपारची वेळ होती, गर्दी नव्हती. त्यांनी मला खुर्ची दिली, त्याच खुर्चीवर प्रभा बसली होती. मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. दुकानातला पडदा, चौतीसचे अडतीस, बांगड्या, दोरा. एक माणूस केसपेपर घेऊन आला, त्याला त्यांनी हाताने थांबवलं.

“माझ्याही लक्षात यायला हवं होतं,” शेवटी त्या म्हणाल्या. “बांगड्या मीच काढायला लावल्या.”

“तुमचं काही नाही. तुम्ही मला विचारलं होतं.”

मग त्यांनी विचारलं, “एकदा वाजली की दोन वाढवायचे?”

“हो.”

“मग त्या दिवशी मी किती लिहायला हवं होतं, काका? हात किती वेळा हलला?”

या गोष्टीला आता अकरा वर्षं होतील. दुकान मी पुढच्याच वर्षी बंद केलं. त्या प्रश्नाचं उत्तर मी रोज शोधतो. एकदा हलला असेल तर चार होतात, आणि मग कदाचित मी काही फार चुकलो नाही. दोनदा हलला तर सहा. तीनदा हलला तर आठ. डोळे मिटून मी तो हात बघतो. दोरा दिसतो, दोऱ्याची गाठ दिसते, हात हलायला लागतो, आणि तिथंच थांबतं.

सिस्टरांना जे सांगितलं तेच खरं आहे.

“माहीत नाही,” मी म्हणालो. “मी घड्याळाकडे बघत होतो.”